पेशी नवी, आठवण कुठून आणणार?

महोदय,

‘मूलपेशींनी स्मृतिभ्रंश बरा होणार’ अशा थाटाचे मथळे अधूनमधून झळकतात आणि घरात असा रुग्ण असलेली माणसं आशेला लागतात. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या त्वचेतील पेशी चार जनुकांच्या साहाय्याने मूलपेशींसारख्या, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी बनू शकतील अशा, करून दाखवल्या. २०१२ मध्ये जॉन गर्डन यांच्यासह नोबेलही मिळालं. यश खणखणीतच. पण मेंदूचे सगळे आजार सारखे नसतात. हालचाली बिघडवणाऱ्या पार्किन्सनमध्ये मुख्यतः डोपामिन (मेंदूतलं एक संदेशवाहक रसायन) तयार करणाऱ्या ठरावीक पेशी मरतात. त्या बदलून पाहणं निदान कल्पनेत तरी सुटसुटीत. स्मृतिभ्रंशाचं मुख्य कारण असलेल्या अल्झायमरमध्ये मात्र हिप्पोकॅम्पस या आठवणी घडवणाऱ्या भागापासून कॉर्टेक्सपर्यंत, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरापर्यंत, चेतापेशींमधल्या जोडण्याच तुटत जातात. नवी पेशी रुजली, तरी ती कुणाशी जोडली जाणार? आणि जुन्या जोडणीत साठलेली आठवण आणणार कुठून?

माझ्या मते या तंत्राचा खरा उपयोग आज प्रयोगशाळेतल्या बशीत आहे. रुग्णाच्याच त्वचेपासून चेतापेशी वाढवून त्यांवर औषधं पारखता येतात. गंमत अशी, की मूलपेशीच्या टप्प्यावर नेलेली पेशी आपलं वय बव्हंशी विसरते. त्वचेतून थेट चेतापेशी केली, तर वयाच्या खुणा बऱ्याच टिकतात. म्हातारपणाच्या आजारासाठी ही दुसरी वाट मला जास्त कामाची वाटते.

‘स्टेम सेल’चं, म्हणजे मूलपेशींचं, इंजेक्शन विकणाऱ्यांना मात्र नातेवाइकांनी एवढंच विचारावं: ही मान्यताप्राप्त चाचणी आहे का, तिची नोंदणी कुठे आहे, आणि चाचणीच असेल तर पैसे आमच्याकडून कशासाठी?

– एक वाचक