माडीवरच्या खोलीबद्दल

ठाणे,
रविवार, 10 ऑगस्ट 2025

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. न.

पत्र बघून दचकू नका, मी ठणठणीत आहे. ताईची राखी वेळेत पोचली, काल बांधलीसुद्धा.

फोनवर हे बोललो असतो तर आईने "थांब, बाबांना देते" म्हणून फोन पुढे केला असता. बाबा नुसतं "बरं" म्हणाले असते आणि मग दोन दिवस अंगणात फेऱ्या घातल्या असत्या. शिवाय टपाल खात्यात 34 वर्षं काढलेल्या माणसाला असली गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायची मला लाज वाटते. म्हणून पत्र.

सरळच लिहितो. जीमॅट, ती एमबीएच्या प्रवेशाची परीक्षा, मी आपल्या माडीवरून ऑनलाइन देत नाहीये. मुंबईतल्या केंद्रावर 30 ऑगस्टची, शनिवारी सकाळची वेळ घेतली आहे. पैसे भरून झालेत. म्हणजे यंदा 27 ला गणपती बसताना मी घरात नाही. 30 च्या रात्रीची एसटी धरतो, 31 ला पहाटे चिपळूण, तिथून पहिली गुहागर गाडी. गौरी उंबऱ्यात यायच्या आत मी दारात असेन. कोकणकन्येचं तिकीट मिळालं नाही, त्यामुळे महामार्गाचे खड्डे मोजतच येईन.

आता आई विचारेल की आधीची तारीख का नाही घेतली. घेणार होतो ग. 23 ची जागा माझ्या डोळ्यांदेखत गेली. केंद्रावर खुर्च्या मोजक्या, त्यात शनिवार-रविवार सगळ्यांनाच हवे असतात. घरून द्यायची तर रात्री दोनलासुद्धा बसता येतं, तिथे जागेचा प्रश्नच नाही. गणपतीनंतर द्यावी तर सप्टेंबरातच आयएसबीच्या, म्हणजे मला हव्या त्या बिझनेस स्कूलच्या, पहिल्या फेरीचे अर्ज बंद होतात, आणि निबंध, शिफारसपत्रं सगळं त्याच्या आत व्हायचंय. 27 ला येऊन 28 ला परत निघायचं असंही डोक्यात आलं होतं. पण खरं सांगू? आलो की माझ्याच्याने निघवत नाही. एकदा आरतीला उभा राहिलो, खोबऱ्याचा वास आला, की परीक्षा गेली खड्ड्यात.

बाबा, तुम्ही खोलीसाठी काय काय केलंत ते मी विसरलेलो नाही. मी सहज बोललो होतो की घरून परीक्षा देताना भिंतीवर काही लिहिलेलं चालत नाही, तर तुम्ही कालनिर्णय उतरवलंत, आजोबांचा फोटो उतरवलात आणि भिंतीला दोन हात पांढरा रंग मारून घेतलात. रस्त्यावरून रायवळ आंब्याच्या फांदीवरून फायबरची तार ओढून आणलीत. इन्व्हर्टर आणलात. आणि तो बोर्ड! कच्च्या कामाला कागद चालत नाही, पांढरा बोर्ड लागतो, तो 12 बाय 20 इंचांपेक्षा मोठा नको, असं मी म्हटलं. तुम्ही सुताराला समोर बसवून सनमायकाचा तुकडा टेप लावून कापून घेतलात, कडांना पॉलिश पेपर मारून, हाताला लागू नये म्हणून. तो बोर्ड केंद्रावर नेता येत नाही. तिथे त्यांचीच पुसता येणारी वही आणि पेन मिळतं. पण बोर्ड वाया जाणार नाही, त्याचं पुढे सांगतो.

तुम्हाला वाटेल की एवढं करून ठेवलं आणि याला गाव नको झालं. तसं नाही. घरून परीक्षा ही सोय चांगलीच आहे. 2020 च्या एप्रिलमध्ये सगळं बंद असताना ती सुरू झाली, तेव्हा किती जणांचं वर्ष वाचलं असेल. ज्याच्या गावाहून केंद्र दिवसभराच्या अंतरावर आहे त्याला ती अजूनही बरी. सुमामावशीचा मंदार कॅटला, आयआयएमच्या प्रवेश परीक्षेला, बसतो, त्याला तर ही निवडच नाही. वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, केंद्रावरच. गंमत म्हणजे आमच्याकडे घरून दिली तर महाग, 300 डॉलर, केंद्रावर 275. म्हणजे 25 डॉलर वाचवले की नाही तुमच्या मुलाने? (हे वाक्य आईसाठी.)

पण एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. जूनमध्ये मी ही परीक्षा एकदा दिली आहे, इथून, ठाण्याच्या खोलीतूनच. रूमवाल्याला बाहेर पाठवलं, फोनने खोलीच्या चारी बाजूंचे फोटो काढून पाठवले, टेबल मोकळं, दार बंद. कॅमेऱ्यातून कोणीतरी आपल्याकडे बघतंय, तो कोण, कुठे बसलाय, काही दिसत नाही. गणिताच्या भागात कॅल्क्युलेटर नसतो, 45 मिनिटांत 21 प्रश्न. मी आपला सवयीने पुटपुटायला लागलो. बाबा, तुम्ही सकाळी दाढी करताना माझ्याकडून पावकी-निमकी म्हणवून घ्यायचात ना, तेव्हापासून माझं गणित ओठांतून सुटतं, डोक्यातून नाही. पडद्यावर सूचना आली: आवाज करू नका. नियम आहे तो, त्यांचं काही चुकलं नाही. पाच मिनिटांनी मी पुन्हा "दीड साते साडेदहा" म्हटलं असणार, पुन्हा सूचना. त्यानंतर माझं सगळं लक्ष स्वतःच्या ओठांवर. 565 आले. मला निदान 655 हवेत. पंचवीस हजार गेले आणि मी तुम्हाला फोनवर सांगितलं की ऑफिसात काम फार आहे. तो रविवार आठवतोय? आईने दोनदा विचारलं होतं, "आवाज का असा?" म्हणून. तो हा आवाज.

पुटपुटायला केंद्रावरही बंदीच आहे. रोज सकाळी तोंडात लवंग धरून सराव करतोय, म्हणजे ओठ मिटलेले राहतात. हसू नका.

आता खरं कारण. हे मी तीन वेळा लिहून खोडलंय. या परीक्षेतही एका भागात तीनच उत्तरं बदलता येतात, तेव्हा आता चौथ्यांदा बदलत नाही.

मे महिन्यात मी माडीवर बसून सरावाची परीक्षा दिली, तो दिवस. वर जाताना मी तुम्हाला बजावलं होतं की सव्वादोन तास दार उघडायचं नाही, हाक मारायची नाही, काही झालं तरी. खऱ्या परीक्षेत कोणी आत आलं तर ती रद्दही होऊ शकते, म्हणून तालीम तशीच व्हायला हवी, असं मोठ्या ऐटीत म्हणालो होतो. मधल्या दहा मिनिटांच्या सुट्टीतही मी खाली उतरलो नाही. परीक्षा संपवून दार उघडलं तर आई जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर बसलेली, तोंडात पदराचा बोळा. खोकला ऐकू येऊ नये म्हणून. मला तेव्हा हसू आलं होतं. "अग, कोणी बघत नव्हतं, सराव होता," म्हटलं मी.

जुलैत ताईने सांगितलं. फोडणीने ठसका लागतो म्हणून आईने त्या दोन तासांत चूलच पेटवली नाही. बाबांनी साखरेच्या आजाराची गोळी नेहमीच्या वेळेला घेतली होती आणि जेवण काही झालं नव्हतं. ओटीवर तुम्हाला घाम फुटला, हात कापायला लागले. आई साखरपाणी घेऊन धावली, नंतर शेजारचे अण्णा आले. तुम्ही त्यांना खुणेने सांगितलंत म्हणे की मोठ्याने बोलू नका, वर पोराची परीक्षा आहे. मग सगळं निस्तरून आई पुन्हा पायरीवर येऊन बसली. मी वर बसून कुठल्याशा कंपनीच्या तीन तक्त्यांवरून नफ्याचा अंदाज काढत होतो.

रागवत नाहीये. रागवायचा हक्क मला नाही, दार उघडू नका हे मीच सांगितलं होतं. तुम्ही ते पाळलंत, एवढंच. पण त्या खोलीत मी आता असा नियम लावून बसू शकत नाही. बसलो तरी कान जिन्याकडे राहील. केंद्रावर मी तुमच्यापासून अडीचशे किलोमीटर लांब असेन, तेव्हा निदान तुम्हाला मोठ्याने खोकता येईल, मिक्सर लावता येईल आणि चक्कर आली तर पोराची परीक्षा आडवी येणार नाही.

केंद्राची काळजी करू नका. दादरला शिऱ्याकडे आदल्या रात्री मुक्काम, सकाळी तो स्कूटरवरून सोडणार आहे. अर्धा तास आधी पोचायचं. पासपोर्ट बघतात, फोटो काढतात, तळहाताच्या शिरांची खूण घेतात, खिसे उलटे करून दाखवायचे. तुमचं एचएमटी घड्याळ लॉकरमध्ये राहील, आईच्या अंगाऱ्याची पुडीही तिथेच. पण अंगारा कपाळाला लावून जाईन, तो कोणी काढून घेत नाही. एसी जोरात असेल म्हणून राखाडी स्वेटर नेतोय. नाश्ता शिऱ्याची आई देणार आहे, दडपे पोहे कबूल झालेत. झोप होते, जेवण होतं, डबा आता सोडून दिलाय, पोळ्या एक मावशी येऊन करतात. मऊ असतात. तुझ्याइतक्या नाहीत.

आई, आठवतं का, चौथीच्या स्कॉलरशिपच्या दिवशी तू माझ्याबरोबर गुहागरला आली होतीस आणि शाळेच्या गडग्यावर तीन तास उन्हात बसून होतीस. मी मधेच खिडकीतून बघितलं तर तुझी जांभळी छत्री दिसली होती. मला अजूनही पेपर कठीण गेला की आधी खिडकी शोधावीशी वाटते. या केंद्रांना खिडक्या असतात की नाही कोण जाणे.

आता ऐका, आणि "बघू" म्हणायचं नाही.

बाबा, प्रतिष्ठापनेला तुम्ही पाटावर बसायचं नाही. गुडघा मागच्या वर्षी कसा सुजला होता ते मी पाहिलंय. ताई 25 लाच येतेय, पूजेला ती बसेल. गुरुजींना मी फोन केला, त्यांची काही हरकत नाही. आता हरकत फक्त तुमची उरली. तिला अथर्वशीर्ष माझ्यापेक्षा स्वच्छ येतं, हे तुम्हीच तिला शिकवलंय. तुम्ही खुर्चीवर बसून तिच्या चुका काढा, ते काम तुमचंच आहे. मूर्ती आणायला सुधाची रिक्षा सांगून ठेवली आहे. डोक्यावरून आणण्याचा विचारसुद्धा नको.

गोळी आणि जेवण यात अर्ध्या तासाच्या वर अंतर नको. नैवेद्य व्हायचाय म्हणून थांबायचं नाही. बाप्पाला उशीर चालतो, तुम्हाला नाही. डॉक्टरांना मे महिन्यातली गोष्ट सांगितलीत का? नसेलच. या आठवड्यात सांगा. खिशात साखरेची पुडी ठेवा.

आई, तुझा खोकला मेपासून आहे. आज 10 ऑगस्ट. आल्याचा रस आणि हळदीचं दूध पुरे झालं. बुधवारी अण्णांबरोबर चिपळूणला जाऊन छातीचा एक्स-रे काढायचा, आणि फोटो मला पाठवायचा. गर्दी आहे, पाऊस आहे, गणपतीची साफसफाई आहे, यातलं काहीही ऐकणार नाही. माळ्यावरची भांडी ताई काढेल. मोदक एकवीसच कर, एकावन्न नकोत. माझे गौरीच्या दिवशी कर. शिळेही चालतील, पण ठेव.

इन्व्हर्टर आता देवघराच्या आणि स्वयंपाकघराच्या दिव्यांना जोडून घ्या, फुकट वर पडून राहायला नको. फायबर आहेच, तर रात्री मला चेहरा दाखवत जा, कपाळ नको. आजोबांचा फोटो परत त्याच खिळ्यावर लावा.

आणि तो बोर्ड खाली आणून जेवणाच्या टेबलाशेजारी टांगा. रोज सकाळी उपाशीपोटीची साखर त्यावर बाबांनी लिहायची, तारखेसकट, टपालातल्या त्या सरळ अक्षरात. आईने बाजूला खोकल्याच्या औषधाची खूण करायची. 31 ला आलो की चप्पल काढायच्या आधी तोच बघणार आहे. मधले आकडे पुसून एकदम चांगले लिहू नका, शाई ओळखता येते मला.

तुमचा,
बाळू

ता. क. - पत्र मिळालं की फोन करा. आणि बाबा, नुसतं "बरं" नको.