प्रतिकृतीला प्रतिकृतीच म्हणा

महोदय,

१९५४ साली बाजारात आलेल्या, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारचा त्या दशकातला मूळ नग घ्यायचा, तर मला सांगलीतला राहता फ्लॅट विकावा लागेल. म्हणून परवा फेंडरच्याच स्क्वायर या स्वस्त ब्रँडची प्रतिकृती हाताळून पाहिली. तारांची कंपने टिपणारे तीन पिकअप, सूर लहरवणारा ट्रेमोलोचा दांडा, सारे जागच्या जागी होते. फ्रेटची, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांची, टोके तेवढी बोटाला खरवडत होती, आणि सतारीचे पडदे बांधणारा मिरजेचा कारागीरही ती टोके कानस फिरवून गुळगुळीत करील. तक्रार वेगळीच आहे. दुसऱ्या एका दुकानात हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या बसवलेल्या वरच्या टोकावर, नामांकित कंपनीचे नाव चिकटवलेली गिटार मला अस्सल म्हणून दाखवली गेली. पावतीवर तसे लिहून मागताच दुकानदाराने ती मुकाट्याने पुन्हा खुंटीला टांगली.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली