सोलरची कोटेशने एका नमुन्यात द्यायला लावा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

घराच्या छतावर सोलर बसवा, अशा जाहिराती आपल्या अंकात हल्ली रोज दिसतात. जाहिरातींबद्दल माझे काही म्हणणे नाही. त्या वाचून फोन केल्यावर हातात जी कोटेशने पडतात त्यांच्याबद्दल लिहायचे आहे.

माझी उभी नोकरी नाशिकमधल्या अंबडच्या एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या खरेदी विभागात झाली. कोटेशने मागवायची, शेजारीशेजारी मांडून तक्ता करायचा आणि साहेबांपुढे सहीला ठेवायचा. त्या तक्त्याला आम्ही काँपॅरेटिव्ह म्हणायचो. बोल्टपासून भट्टीपर्यंत सगळ्याचे काँपॅरेटिव्ह मी केले आहे. तेव्हा इंदिरानगरमधल्या आमच्या रो-हाउसवर सोलर घ्यायचे ठरल्यावर घरच्यांनी ते काम आपसूक माझ्या गळ्यात घातले. चार कोटेशने आली आणि काँपॅरेटिव्ह काही होईना. चौघांचे शीर्षक एकच, '3 किलोवॉट सोलर सिस्टीम'. आत चार वेगळ्या वस्तू.

आधी किमतीचेच घ्या. पहिल्याने ठळक अक्षरांत लिहिले, 'फक्त 1,12,000'. खाली मुंगीच्या अक्षरात 'सबसिडी वजा जाता'. म्हणजे खरी किंमत 1,90,000. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार, असे जास्तीत जास्त 78 हजार अनुदान मिळते, हे बरोबर. पण ते संच बसून, तपासणी होऊन, मग ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. तोवर पूर्ण रक्कम आपल्यालाच उभी करायची असते. कर्ज काढणाऱ्याने 1,12,000 धरून अर्ज केला तर त्याची पंचाईत ठरलेली.

दुसऱ्याने 1,72,000 अधिक जीएसटी लिहिले आणि जीएसटी लावला 13.8 टक्के. हा जुना दर. सोलरच्या कामात 70 टक्के रक्कम मालाची आणि 30 टक्के सेवेची धरतात. मालावरचा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला, सेवेवरचा 18 तसाच राहिला. दोन्ही मिळून आता 8.9 टक्के पडतात. एवढ्या एका ओळीत 8,428 रुपयांचा फरक. फोन करून विचारले तर उत्तर आले, 'मॅडम, ते फॉरमॅटमध्ये जुनंच राहिलं.' फॉरमॅटमधले जुने नेहमी विकणाऱ्याच्या बाजूनेच कसे राहते, हे मला नोकरीतही कधी कळले नाही.

तिसऱ्याचे 2,08,000, सगळे धरून. चौथ्याचे 1,49,000, सगळे धरून, 'शिवाय सबसिडी आहेच'. म्हणजे पदरचे फक्त 71 हजार. घरात सगळ्यांचे डोळे चमकले. मी पॅनेलच्या रकान्यात डीसीआर हा शब्द शोधला, तो कुठेच नव्हता. अनुदान हवे तर पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात, त्यांनाच डीसीआर पॅनेल म्हणतात. बाहेरच्या सेलची पॅनेले स्वस्त असतात, पण त्यांवर अनुदान नाही. तेव्हा चौथ्याचे 71 हजार नव्हेत, 1,49,000च. दुसऱ्याची रक्कम नव्या कराने 1,87,308 होते, अनुदान वजा जाता 1,09,308. तिसऱ्याची 1,30,000. कागदावर सर्वांत स्वस्त दिसणारा गडी प्रत्यक्षात सर्वांत महाग निघाला.

आता पहिल्याकडे परत येऊ. त्याच्या '3 किलोवॉट'मध्ये 540 वॉटची पाच पॅनेले आहेत. गुणाकार केला तर 2,700 वॉट. तीन किलोवॉटचा आहे तो इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र. अनुदान मोजताना पॅनेल आणि इन्व्हर्टर यांत ज्याची क्षमता कमी ती धरतात, म्हणजे 78 हजार नव्हे, 72,600. तिसऱ्याची 550 वॉटची सहा पॅनेले, 3,300 वॉट. दर वॉटचा भाव काढला तेव्हा पहिला 70 रुपयांच्या वर गेला आणि 'महाग' म्हणून घरात बाद झालेला तिसरा 63 वर आला. दुसरा 58च्या आत बसला, पण त्याचा सांगाडा गच्चीपासून जेमतेम दीड फूट. आमच्या गच्चीवर चैत्र-वैशाखात कुरडया, पापड, सांडगे असे सगळे वाळवण असते. दीड फुटाचा सांगाडा म्हणजे अर्ध्या गच्चीवर पाणी सोडायचे. तिसऱ्याचा सात फूट उंच आहे. हा फरक किमतीत असतो, कोटेशनात नसतो. तिथे दोघांनीही लिहिले आहे 'जीआय स्ट्रक्चर', बस्स.

या जीआय, म्हणजे जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडाच्या, स्ट्रक्चरवर थोडे लिहिते, कारण सर्वांत कमी प्रश्न त्याबद्दलच विचारले जातात. आमच्या गल्लीत मागच्या वर्षी एकाकडे संच बसला. कोटेशनात पाइपची जाडी 2 मिलिमीटर लिहिलेली. मी घरातला जाडी मोजायचा व्हर्निअर घेऊन त्यांच्या गच्चीवर गेले (निवृत्तीनंतर माणसाला असले उद्योग सुचतात). पाइप भरला 1.6. त्याहून वाईट म्हणजे कापलेल्या टोकांवर आणि वेल्डिंगवर चंदेरी रंग फासलेला. पाइप कापायचे, भोके पाडायची, वेल्डिंग करायचे आणि मग अख्खा सांगाडा वितळलेल्या जस्तात बुडवून काढायचा, याला हॉट डिप म्हणतात. बाजारातून तयार पाइप आणून गच्चीवर कापून जोडला की प्रत्येक जोड उघडा पडतो. चंदेरी रंग दोन पावसाळे धरतो. तिसऱ्यात वेल्डिंगखाली तांबूस ओघळ दिसायला लागतात. वर पंचवीस वर्षे टिकायची पॅनेले आणि खाली हे! पाय रोवायला स्लॅबमध्ये भोके पाडणार की वर काँक्रीटचे ठोकळे ओतणार, हेही चौघांपैकी एकानेच लिहिले होते. नाशिकचा पाऊस ज्याच्या छतातून एकदा ठिबकला आहे त्याला या प्रश्नाची किंमत कळेल.

दुसरी गोष्ट सावलीची. चौघांपैकी दोघे गच्चीवर चढलेच नाहीत, मोबाइलवर उपग्रहाचे चित्र पाहून कोटेशन पाठवले. एकजण उन्हाळ्यात आला, चौफेर नजर टाकली आणि म्हणाला, 'सावली झीरो.' खरेच होते त्याचे. नाशिक साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी आपल्या बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा कशाचीच सावली पडत नाही. तोच सूर्य डिसेंबरात दक्षिणेला इतका कलतो की भर दुपारीही जवळजवळ वस्तूच्या उंचीएवढी सावली उत्तरेला पडते. आमच्या दक्षिणेला शेजाऱ्यांची जिन्याची खोली आहे आणि तिच्यावर पाण्याची टाकी. मे महिन्यात जिथे लख्ख ऊन, तिथे मार्गशीर्षात दोन पॅनेले सावलीत जातील. आणि पॅनेले एका माळेत जोडलेली असल्याने एकावर पडलेली सावली बाकीच्यांनाही भोवू शकते. त्यावर उपाय आहेत. पॅनेलची जागा बदलता येते, सांगाडा उंच करता येतो, नाहीतर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रो-इन्व्हर्टर देता येतो, जो महाग पडतो. पण कोटेशनात सावलीचा रकानाच नसेल तर उपाय विचारणार कोण? नाशिकमध्ये बऱ्याच गच्च्यांवर पाणी तापवायचे सोलर आधीपासून आहेत, त्यांच्या टाकीची सावली वेगळीच.

मग येते बचत. 'तीन-चार वर्षांत पैसे वसूल' हे चौघांचेही वाक्य. एकाने हिशेब दिला होता, महिन्याला 360 युनिट, दर 12 रुपये, वर्षाचे 51,840. यातले 360 ठीक आहे. एक किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धरतात, पावसाळ्यात बरेच कमी, फेब्रुवारी ते मे जास्त. पण आमचा वापरच महिन्याला सरासरी 290 आहे. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो बघायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. शिवाय पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी, त्यापुढे तो जवळजवळ दुप्पट होतो. सोलर आधी ही वरची महाग युनिटे खाते, मग स्वस्त. सगळी युनिटे महाग दराने धरून बचत काढणे म्हणजे डोळ्यांत धूळफेक. माझा हिशेब वर्षाला चाळीस हजारांच्या आत येतो. तरीही सौदा वाईट नाही, पण मग तसे सांगा ना! स्थिर आकार चुकत नाही, त्यामुळे 'शून्य बिल' हाही जाहिरातीपुरताच शब्द. एकाने तर पाच किलोवॉटच घ्या म्हणून गळ घातली. तीनच्या पुढे घरगुती ग्राहकाला अनुदान एक रुपयाने वाढत नाही आणि वर्षभरात आपण न वापरता महावितरणच्या तारेत गेलेल्या, उरलेल्या युनिटांचा 31 मार्चला जो हिशेब होतो त्यात मिळणारा दर आपण भरतो त्याच्या जवळपासही नसतो. विजेचा धंदा करायला छत घेऊ नये, असे माझे मत.

वॉरंटीचे थोडक्यात. 'पंचवीस वर्षे' ही पॅनेल किती वीज देईल त्याची हमी असते. पॅनेलच्या वस्तू म्हणून असलेल्या दोषांची हमी बहुधा त्याच्या निम्म्याच काळाची, आणि इन्व्हर्टरची त्याहून कमी. बिघडतो तोच आधी. त्याचे सर्व्हिस सेंटर नाशकात आहे की मुंबई-पुण्यात, हे विचारा. पॅनेलचे सीरियल नंबर बिलावर घ्या. आपल्याकडे अवकाळी गारपीट काय करते ते द्राक्षवाल्यांना विचारायला नको. पॅनेलची काच 25 मिलिमीटरच्या गारेपर्यंत तपासलेली असते, त्यापुढे विमा. तो कोणाच्याच कोटेशनात नव्हता.

एक गैरसमज मात्र दूर व्हायलाच हवा. एका पत्रकात 'चोवीस तास मोफत वीज' लिहिले आहे. साधा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारेला जोडलेला संच लाइट गेली की बंद पडतो, बाहेर कितीही ऊन असो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून शॉक बसू नये म्हणून तशी सोयच केलेली असते. लाइट गेल्यावरही वीज हवी तर बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि खर्च बराच वाढतो. वळवाच्या पहिल्या सरीला जिथे हमखास लाइट जाते तिथल्या लोकांना हे आधी सांगायला नको का?

माझे म्हणणे एवढेच आहे. हे विक्रेते सूर्यघर योजनेत नोंदवलेले आहेत. नोंदणी करताना त्यांच्याकडून कागदपत्रे घेतातच, मग कोटेशनचा एक पानी नमुनाही त्यांच्यावर बंधनकारक करा. त्यात पॅनेलची संख्या आणि प्रत्येकाचे वॉट, डीसीआर आहे की नाही, इन्व्हर्टरची क्षमता, सांगाड्याची उंची, पाइपची जाडी आणि हॉट डिप आहे का, अर्थिंग किती, डिसेंबरातली सावली, ग्राहकाच्या स्वतःच्या बिलावरून काढलेली बचत, घेतलेली आणि दिलेली वीज मोजणाऱ्या नेट मीटरचा खर्च कोणाकडे, आणि शेवटी करासह पूर्ण किंमत. अनुदान त्याच्याखाली वेगळ्या ओळीत. पैसे कधी किती द्यायचे तेही त्यातच. एका विक्रेत्याने माल यायच्या आधी 80 टक्के मागितले. कारखान्यात असे कोटेशन साहेबांपर्यंत गेलेच नसते.

महावितरणच्या नाशिक परिमंडळ कार्यालयाने हे वरच्या आदेशाची वाट न पाहता निदान सुचवणीवजा तरी सुरू करावे. नमुन्याच्या प्रती प्रत्येक उपविभागीय कार्यालयाच्या खिडकीवर ठेवल्या तरी पुरे. जिथे लोक बिलाची तक्रार घेऊन येतात तिथेच सोलरची चौकशी करणारेही येतात. आपल्या वृत्तपत्रानेही सोलरची जाहिरात घेताना एकच अट घालावी, की अनुदान वजा केलेला आकडा ज्या अक्षरात छापाल त्याच अक्षरात पूर्ण किंमतही छापा.

आम्ही तिसऱ्याला ऑर्डर दिली आहे. पाइपची जाडी आणि हॉट डिप दोन्ही लिहून घेतले. आधी तो कुरकुरला, मग म्हणाला, 'असं कोणी विचारत नाही.' कोटेशनचा कोरा नमुना मी मराठीत तयार करून ठेवला आहे. परिमंडळ कार्यालयाने मागितला तर आणून देईन.

आपली,
खरेदी विभागातील एक निवृत्त कर्मचारी,
इंदिरानगर, नाशिक