खोक्यावरच्या आकड्याशेजारी अंतरही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोबाइल टॉवरच्या विरोधातली पत्रं आपल्या सदरात नेहमी येतात. आमच्या भांडुपच्या सोसायटीतही गच्चीवरच्या अँटेनावरून सर्वसाधारण सभा रात्री उशिरापर्यंत चालली. लोकांची काळजी खरी आहे. पण आपल्या अंगाला सर्वांत जवळ असतो तो आपला फोन, आणि त्याची चाचणी कशी होते हे त्या सभेत कोणालाच ठाऊक नव्हतं. निवृत्त होईपर्यंत एका चाचणी प्रयोगशाळेत मी हेच काम केलं, म्हणून लिहिते आहे.

फोनच्या लहरींतली किती ऊर्जा शरीर शोषून घेतं ते एसएआर या मापात सांगतात, म्हणजे एक किलो ऊतीमागे किती वॅट. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात डोकं आणि धड यांच्यासाठी ही मर्यादा १.६ वॅट आहे आणि ती एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर मोजतात. त्याआधी दहा ग्रॅमच्या सरासरीवर २ वॅट चालत असे. नवा नियम चांगलाच कडक, कारण छोट्या जागेत एकवटलेली ऊर्जा मोठ्या सरासरीत दिसेनाशी होते.

चाचणीला माणूस बसवत नाहीत. माणसाच्या डोक्याच्या आकाराचं एक पोकळ कवच असतं, त्याला आम्ही फॅन्टम म्हणायचो. त्यात पाणी, साखर, मीठ वगैरेंचं द्रावण भरायचं, असं की फोनच्या लहरींच्या फ्रिक्वेन्सीला ते विजेच्या दृष्टीनं मेंदूच्या ऊतीसारखं वागेल. द्रावण तयार करणं माझ्याकडे असे. थोडं पाणी उडालं किंवा खोलीचं तापमान बदललं तरी आकडा हलतो, म्हणून मोजणीआधी ते पुन्हा तपासावंच लागे. मग फोन गालाला टेकवायचा, नंतर १५ अंश कलता धरायचा, उजवीकडे आणि डावीकडेही. फोन पूर्ण शक्तीनं प्रसारण करत असतो आणि यंत्रहाताला लावलेली बारीक प्रोब, म्हणजे मोजणीची सळई, द्रावणात फिरून विद्युत क्षेत्र मोजते. डोक्याचं माप अमेरिकी सैन्यातल्या पुरुषांच्या मोजमापांवरून घेतलेलं आहे, आणि तेही मोठ्या डोक्याचं. मोठं डोकं जास्त ऊर्जा शोषतं, म्हणजे लहान डोकी आपोआप सुरक्षित राहतात, हा त्यामागचा हिशोब.

लहान मुलांचं काय, हा प्रश्न द्रावण भरलेल्या कवचानं पुरता सुटत नाही. त्यासाठी संगणकावर अंदाज बांधतात. एमआरआयवरून केलेल्या शरीरांच्या प्रतिकृती बारीक घनांत विभागून प्रत्येक घनातलं क्षेत्र टप्प्याटप्प्यानं काढायचं. ही गणिती पद्धत केन यी यांनी १९६६ मध्ये मांडली. स्वित्झर्लंडच्या इट्इस (IT'IS) फाउंडेशन या संशोधन संस्थेनं केलेल्या अशा प्रतिकृतींच्या कुटुंबात सहा वर्षांचा मुलगा आणि अकरा वर्षांची मुलगीही आहे.

आता माझा खरा मुद्दा. डोक्याची चाचणी फोन गालाला टेकवून होते, पण धडाची चाचणी मध्ये अंतर ठेवून होते आणि ते अंतर कंपनी जाहीर करते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक फोनांच्या माहितीपत्रकात ते १५ मिलिमीटर असतं. इतकं अंतर ठेवून फोन कोण बाळगतं? भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणणाऱ्या बायका तो पोलक्यात खोचतात. लोकलच्या गर्दीत तो शर्टाच्या खिशात छातीला चिकटलेला असतो. तिथे अंतर शून्याच्या जवळ, आणि अंतर कमी झालं की शोषण झपाट्यानं वाढतं. नुसता पडून असलेला फोन अधूनमधूनच प्रसारण करतो हे खरं. पण इअरफोन लावून बोलताना किंवा हॉटस्पॉट चालू असताना तो खिशातूनच सतत बोलत असतो. नेटवर्क कमकुवत असेल तर शक्ती वाढवतो, ४जी फोनात साधारण ०.२ वॅटपर्यंत (ही प्रसारणाची शक्ती, एसएआर नव्हे). टॉवर दूर गेला की फोनला जास्त जोर लावावा लागतो, हे आमच्या सभेत मी सांगितलं तेव्हा बऱ्याच जणांना पटेना.

फ्रान्सच्या सरकारी यंत्रणेनं सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १२ हातात किंवा पँटच्या खिशात असल्यासारखा, अंगाला भिडवून तपासला. हातापायांसाठीची एसएआर मर्यादा किलोमागे ४ वॅट, निघाले ५.७४. कंपनीनं निष्कर्षावर आक्षेप घेतला, तरी विक्री थांबली आणि सॉफ्टवेअर बदलून द्यावं लागलं. फोन धोकादायकच होता असं यावरून मी म्हणणार नाही, मर्यादा ठरवतानाच बरीच सूट राखलेली असते. पण तपासणी झाली म्हणून ते कळलं.

म्हणून दूरसंचार विभागाला माझी विनंती आहे. फोनवर *#०७# दाबलं की एसएआरचा आकडा दिसतो, तिथे आणि खोक्यावर त्याच्याच शेजारी धडाच्या चाचणीचं अंतर ठळक छापणं सक्तीचं करा, महाराष्ट्रात विकायच्या फोनांवर मराठीतही. बाजारातून उचललेले फोन पाच मिलिमीटरवर आणि अंगाला टेकवून तपासा आणि निकाल मॉडेलच्या नावासह प्रसिद्ध करा. फॅन्टम तोच, प्रोब तीच. फक्त मधली फट काढायची आहे, आणि त्याला नवी यंत्रं लागत नाहीत.

आपली,
एक निवृत्त तंत्रज्ञ, भांडुप (पूर्व), मुंबई