एका खोलीचं डिपॉझिट भरायचंय

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकाबाहेर झोपणाऱ्या एका मामांना गेल्या पावसाळ्यात आम्ही तालमीत आणलं. हॉटेलात भांडी घासतात, एक खाडा नाही. बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळून झोपायची सवय इतकी, की तालमीतही पट्टा सोडेनात. त्यांना खोलीचं भाडं परवडतं. खोली मिळत नाही.

मालक पाच-सहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून एकदम मागतो. वर अकरा महिन्यांचा करार, पत्त्याचा पुरावा, ओळखीचा माणूस. फूटपाथवरच्या माणसानं पत्ता काय सांगायचा? आणि पैसे साठवायचे तर ठेवायचे कुठं? मामांचे दोनदा चोरीला गेले. मालकांना तरी काय बोलणार! अंबाबाईच्या देवळाजवळची खोली भाविकांना दिवसावर दिली की महिन्याच्या भाडेकरूपेक्षा जास्त मिळतात. जुने वाडे पडले, त्यांच्यातल्या एकेरी खोल्याही गेल्या.

रात्र निवारे हवेतच. केंद्राच्या शहरी बेघर योजनेत लाख वस्तीमागे किमान १०० जणांच्या निवाऱ्याचा निकष होता. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर साडेपाच लाखांच्या घरात होतं, हिशेब तुम्हीच करा. पण कमावत्या माणसाला निवाऱ्यात किती वर्षं ठेवायचं? परगावच्या पोरांना राहायला जागा नाही म्हणून शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं बोर्डिंगं उभी केली. दसरा चौकातून आपण रोज त्यांच्यासमोरून जातो.

म्हणून तालमीनं डिपॉझिट निधी सुरू केलाय. पैसे तालमीच्या नावानं थेट मालकाकडं जातील. भाडेकरूनं खोली सोडली की परत निधीत येतील आणि पुढच्याला लागतील. भाडं ज्याचं त्यानं भरायचं. यंदा गणपतीत साउंड सिस्टीम न लावता पहिली रक्कम बाजूला काढली. त्यावरून पोरांत दोन दिवस भांडणं झाली, तेही सांगून टाकतो. आत्ता चौघांची सोय करायचीय: मामा, हातगाडीवाले एक काका, आणि फुलं विकणाऱ्या दोघी मावश्या, ज्या एकत्र राहायला तयार आहेत.

जमेल तेवढी रक्कम द्या, पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. खोली रिकामी असेल तर कळवा, हमी तालमीची. कॉट, गादी, शेगडी, बादली चालेल. जुने कपडे मात्र नकोत, पोती भरून पडलीत. संध्याकाळी ७ ते ९ तालमीत कुणी ना कुणी असतंच.

मामांची खोली शाहूपुरीत मिळाली तर बरं. हॉटेल रात्री साडेअकराला बंद होतं, पुढं चालतच जावं लागतं.