एकच रेझर पुरे

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

यूज अँड थ्रो रेझर सोडून पातं बदलायचा धातूचा रेझर घेऊ का, की हे सगळं फॅड आहे, असं तू विचारलंस. घे. फॅड थोडं आहेच, त्यावर पुढे लिहितो. पण तुझ्याकडचं उरलेलं पाकीट फेकू नकोस, तेही वापरून संपव. कचरा कमी करायचा म्हणून चांगल्या चालत्या वस्तू कचऱ्यात टाकणाऱ्यांचा हिशेब मला कधी कळला नाही.

त्या प्लास्टिकच्या रेझरकडे एकदा नीट बघ. दांडी एका प्लास्टिकची, मान दुसऱ्याची, आत पोलादाची दोन-तीन पाती, वर रबर आणि ती बुळबुळीत पट्टी. हे सगळं एकमेकांत इतकं घट्ट बसवलेलं असतं की सुटं करायला जी मजुरी लागेल तेवढ्या किमतीचा माल त्यातून निघणार नाही. म्हणून ते कुणी सुटं करत नाही, जसंच्या तसं कचऱ्यात जातं. आणि त्यातलं झिजलेलं असतं काय, तर फक्त धार. दांडी अजून वर्षानुवर्षं टिकली असती.

गंमत अशी की आज आपण ज्याला पारंपरिक म्हणतो तो रेझरच 'वापरा आणि टाका' या कल्पनेतून जन्मला. किंग कॅम्प जिलेट हा बाटल्यांची बुचं विकणाऱ्या कंपनीचा फिरता विक्रेता होता. तिथले विल्यम पेंटर, म्हणजे सोड्याच्या बाटलीवर बसणाऱ्या पत्र्याच्या बुचाचे जनक, त्याला सांगायचे की एकदा वापरली की टाकावी लागेल अशी काहीतरी वस्तू शोध, गिऱ्हाईक आपोआप परत येईल. त्याने पात्यावर डोकं चालवलं. इतक्या पातळ पत्र्याला टिकाऊ धार येणारच नाही, असं जाणकार सांगत होते. ते कोडं विल्यम निकर्सन नावाच्या अभियंत्याने सोडवलं. १९०३ साली विक्री सुरू झाली आणि वर्षभरात खपले ५१ रेझर व १६८ पाती. पुढच्या वर्षी आकडे भराभर चढले, पेटंटही मिळालं. मग पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या हाती सरकारी खर्चाने हे रेझर आले आणि घरी परतताना ते रोज स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊन गेले.

तरीही तोवर टाकलं जात होतं ते पातं. दांडी टाकायची पाळी आली १९७५च्या सुमारास, बिक कंपनीने अख्खा रेझरच फेकण्याजोगा केला तेव्हा.

काहीच टाकायचं नसेल तर वस्तरा आहे. पण तो दर वेळी चामड्याच्या पट्ट्यावर परजायचा, अधूनमधून दगडावर लावायचा आणि हात बसेपर्यंत गालावर प्रयोग सोसायचे. घड्याळाकडे बघत घराबाहेर पडणाऱ्या माणसाला मी तो सुचवणार नाही, आणि तुला तर मुळीच नाही. मधला मार्ग मला पटतो: जे झिजतं तेवढंच टाकावं. दुधारी पातं मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाइतकं जाड असतं, वजन एक ग्रॅमहूनही कमी, आणि जवळजवळ सगळं पोलाद.

आता धार झिजते कशी, हे तुझ्या इंजिनिअरिंगच्या डोक्याला आवडेल. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ. तरी तो धार मारतो. एमआयटीतल्या संशोधकांनी दाढी करून झालेली पाती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं, की धार नुसती घासून बोथट होत नाही, तिचे बारीक कपचे उडतात. केस वाकून तिरपा लागला आणि नेमका तिथेच पोलादाचा पोत असमान असला, की कपचा निघतो. तेव्हा पातं चिरकाल टिकेल ही आशा सोड. चार-पाच दाढ्या निघाल्या की बदल. ओढल्यासारखं वाटलं तर आधीच बदल, काटकसर करत बसू नकोस. धुतल्यावर टॉवेलने पुसूही नकोस. धार बिघडते आणि बोट कापतं. पाण्याखाली धर, झटक, वाळू दे.

खरं काम पात्याच्या आधी होतं. कोरडा केस चिवट असतो, पाणी प्यायलेला केस बराच कमी जोरात कापला जातो. म्हणून आंघोळीनंतर दाढी कर, नाहीतर कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं चेहरा भिजव. डब्यातला तयार फेस गॅसच्या दाबाने फुगलेला असतो, दिसायला भरघोस पण आत हवाच जास्त. त्याऐवजी दाढीच्या साबणाची वडी आणि ब्रश घे. ब्रश भिजवून, निथळून साबणावर फिरव, मग थेंब थेंब पाणी घालत चेहऱ्यावरच फेस कर. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं. फेस चिकट वाटला तर कमी. हे चार दिवसांत जमतं. ब्रश कृत्रिम केसांचा घे, लवकर वाळतो आणि कुणा जनावराचा संबंध येत नाही. तोही प्लास्टिकच, असं तू म्हणशील. म्हण. पण तो वर्षानुवर्षं चालतो.

आता रेझर. प्लास्टिकचा हलका असतो, म्हणून आपण तो नकळत दाबतो. हा जड आहे. दाबलास की कापलंच समज. दांडीच्या टोकाकडे दोन बोटांत सैल धर आणि त्याच्या वजनानेच त्याला खाली येऊ दे. कोन सापडायला सोपी युक्ती आहे. रेझरच्या डोक्याचा माथा गालाला सपाट टेकव, मग दांडी हळूहळू खाली आण. धार केसाला लागल्याचा बारीक खरखर आवाज आला की थांब. पातं आणि गाल यांच्यात साधारण ३० अंश राहतात. आखूड हात मार, प्रत्येक हातानंतर रेझरचं डोकं धू.

तुझ्या गळ्यावर येणाऱ्या लाल पुळ्यांचं मूळ बहुधा तीन पात्यांत आहे. पहिलं पातं केस किंचित ओढून वर काढतं, मागचं तो कापतं, आणि उरलेला खुंट कातडीच्या आत सरकतो. कुरळा केस मग बाहेर यायच्या ऐवजी आतच वळतो. एकाच पात्याने हे बरंच कमी होतं, पण तू उलटा हात मारणं बंद केलंस तरच. दाढी दोन दिवस वाढू दे आणि बोटं फिरवून बघ: जिकडे बोट अडतं ती उलटी दिशा. गालावर केस बहुतेक वरून खाली असतात. गळ्यावर मात्र कुठे आडवे, कुठे खालून वर, कुठे भोवरा. पहिले काही आठवडे फक्त सुलट. मग हवं तर पुन्हा फेस लावून आडवा हात. गळा संगमरवरी झाला नाही तर जगाचं काही अडत नाही. बारीक कापलं तर ओली तुरटी फिरव. झोंबेल आणि रक्त थांबेल.

खरेदीचं. साधा, तीन भागांत सुटणारा, पात्याखालची कड सलग असलेला रेझर घे, कंगव्यासारखे दाते असलेला नको. जस्ताच्या मिश्रधातूचे स्वस्त रेझर चालतात, पण फरशीवर आपटले की आट्यांशी तुटतात. पितळेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा परवडला तर तो. पात्यांच्या दोन-तीन निरनिराळ्या जाती आणून बघ, कारण एकाला मानवणारं पातं दुसऱ्याला ओरबाडतं. एकदा जुळलं की तिथेच थांब. फॅड म्हणालो ते या पुढचं: बारा साबण, चार ब्रश, रेझर ठेवायचा स्टँड, त्या स्टँडला शोभेलशी वाटी. प्लास्टिक वाचवायला निघालेला माणूस असा कपाटभर सामान घेऊन बसतो. तू घेऊ नकोस.

जुनी पाती सुटी कधीही टाकू नकोस. ती कचरा उचलणाऱ्याच्या हातात घुसतात. अमेरिकेतल्या जुन्या घरांत आरशामागच्या कपाटाला एक फट असायची, पातं त्यातून सरळ भिंतीच्या पोकळीत. आता घर दुरुस्तीला काढणाऱ्यांपुढे गंजक्या पात्यांचे ढीग पडतात. आपण एवढे हुशार नको होऊया. पत्र्याच्या बंद डबीच्या झाकणाला बारीक चीर पाड आणि त्यात टाकत जा. भरायला वर्षं लागतील. भरली की चिकटपट्टीने बंद कर, वर 'ब्लेड' असं लिही, आणि भंगार घेणाऱ्याला आधी विचारून दे.

विमानात हातातल्या सामानात सुटी पाती नेऊ देत नाहीत, तेव्हा ती मोठ्या बॅगेत ठेव. आणि पहिली दाढी सुट्टीच्या दिवशी कर. मुलाखत असेल त्या सकाळी जुन्या पाकिटातलाच एखादा प्लास्टिकचा रेझर वापर.

आई विचारते आहे, पायांसाठीही हाच चालेल का. चालतो, कोन तोच आणि घोट्याशी घाई नको, असं मी तिला सांगितलं. तिला तुझ्याकडून ऐकायचं आहे, तेव्हा फोन कर.

तुझा,
बाबा