नाना घाटाआधीच थांबला

आडगाव नाका, नाशिक

प्रिय बाळ्या,

इकडे सगळे बरे आहेत, आईचा गुडघा तसाच. मंगळवारी जे झालं ते इथे कुणाला सांगावं तर लोक गाडीच्या कर्जाच्या हप्त्याचा हिशेब मांडतात. आप्पा ड्रायव्हर होते तेव्हाच्या त्या वाईट रात्री तू माझ्याशेजारी बसला होतास, म्हणून तुलाच लिहितोय.

लो-बेड ट्रेलर घेतल्याचं तुला कळलंच असेल. सिंहस्थाच्या कामांमुळे पोकलेन, रोलर हलवायला गाड्या पुरत नाहीत. मंगळवारी अंबडहून शहापूरकडे वीस टनी पोकलेन निघाला. इगतपुरीजवळ आमच्या ड्रायव्हरनं, नानानं, गाडी बाजूला घेतली. मागच्या एका चाकाच्या हबजवळ हात नेला तर धग लागत होती आणि ब्रेकचा लायनर जळल्याचा वास येत होता. मला फोनवर म्हणाला, "मालक, थंड होऊ दे. उजेडात ब्रेक उघडून बघतो. तोवर कसारा घाट उतरणार नाही."

मागोमाग पार्टीचा, म्हणजे काम देणाऱ्याचा, फोन. मशीन सकाळी साइटवर हवंच, गाडी तुमची की ड्रायव्हरची? मी म्हटलं, घाटात त्याचीच. पुढच्या खेपा त्यांनी दुसऱ्याला दिल्या. दादा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ड्रायव्हरला डोक्यावर बसवलंस, एवढंच त्याचं म्हणणं.

बाळ्या, मशीन, ट्रेलर आणि तो ओढणारी पुढची गाडी, घोडा, मिळून चाळीस टनांच्या आसपास वजन. लायनर तापला की पाय कितीही दाबा, ब्रेक धरत नाही. शिवाय डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारे आजही आहेत. आप्पा सांगायचे, ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. तू मात्र त्र्यंबकहून येताना माझी लूना बंद करून उतारावर सोडलीस, नाल्यात घातलीस आणि वर मलाच पेट्रोलचे पैसे मागितलेस. ते मिळणार नाहीत, आजही नाही.

नानापेक्षा मला त्या क्लीनर पोराची जास्त काळजी वाटते. त्याची आई त्याला घेऊन आमच्या ओट्यावर आली होती. "आता तुमच्या हवाली," म्हणाली आणि चहा न घेता गेली. पोरगं मन लावून काम करतं. मशीन चढायच्या आधी रॅम्पवरचा चिखल खरवडून काढतं, लोखंडावर लोखंड सरकू नये म्हणून फळ्या टाकतं. बूम खाली येऊन बकेट टेकली की चारी कोपऱ्यांना साखळ्या आवळतं. विल्होळीच्या पुढे गाडी थांबवून पुन्हा आवळायच्या, कारण हादऱ्यांनी त्या सैल होतात, हे नानानं त्याला शिकवलं. परवा बघितलं तर हँडल ओढून झाल्यावर प्रत्येक साखळीवर हाताची थाप मारून आवाज ऐकत होतं. त्या पोराला मी फोनवरून घाटात कसं ढकलू?

माझ्या मागे कागदांचा ढीग आहे. वीस टनी मशीनचे पट्टे 2.6 मीटरच्या बाहेर जातात, म्हणजे परवानगी आलीच. ओव्हरलोड सापडलं तर 20,000 आणि वर दर टनाला 2,000. हे सगळं पार्टीला पाठ आहे. पण 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात ड्रायव्हर-क्लीनरला दिवसाचे आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिली होती, ते कधी कुणी विचारलं नाही. विम्यात क्लीनरचा जादा हप्ता भरलाय का, हेही नाही. मी भरलाय.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचं दुकान सुरू झालं का? पोरीला दहावीसाठी आशीर्वाद.

एक काम कर. नाना, पोरगा आणि मी बसून ठरवलंय की गाडीत बसलेल्यांपैकी कुणीही "थांबा" म्हणाला तर गाडी थांबेल आणि त्या दिवसाचा पगार-भत्ता कापला जाणार नाही. पार्टीशी बोलणं मी करायचं, त्यांचा फोन नानापर्यंत जाऊ द्यायचा नाही. हे आप्पांना वाचून दाखव. मालकाकडून आणखी काय हवं होतं ते त्यांना विचार आणि ते म्हणतील तसंच लिही, तुझी अक्कल मध्ये घालू नकोस. सोमवारी नवी पार्टी बोलणी करायला येतेय, त्याआधी मला हे हवंय.

तुझाच,
दत्त्या